देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत

मामांना पहिल्यांदा मामा कोण म्हणालं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते आचारी होते, तेव्हा साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. निवृत्त होऊन ते देवळाच्या स्वयंपाकघरात आले, तर नावही जिना चढून त्यांच्या मागोमाग आलं. त्यांची बायको मग आपोआप मामी झाली. तिला ते फारसं पसंत नव्हतं. "जगाचे मामा झालात," ती म्हणायची, "पण एका भाच्यानं कधी माझी भाजीची पिशवी उचलली नाही."

देऊळ म्हटल्यावर कळस, सभामंडप असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. खाली शिंप्याचं दुकान, त्याला लागून कुलपं-किल्ल्या करणाऱ्याची टपरी, आणि दोघांच्या मधून वर जाणारा एक अरुंद जिना. जिना संपला की चपलांची लोखंडी मांडणी, मग एक बऱ्यापैकी मोठा हॉल, हॉलच्या टोकाला पडदा आणि पडद्यामागे देव. देवाच्या डाव्या हाताला एक दार होतं. त्या दाराआड मामांचं राज्य. दोन शेगड्या, एक ओटा, करकरणारा पंखा, आणि मागच्या गल्लीवर उघडणारी खिडकी, जिच्यातून गल्लीतल्या मांजरांना वरणाचा वास आधी जायचा आणि देवाला नंतर. या राज्याची किल्ली मामांच्या कमरेला असायची. दुसरी किल्ली नव्हती. कुलूपवाला जिन्याच्या तोंडाशीच बसत असूनही मामांनी ती कधी करून घेतली नव्हती, यावरून काय ते समजा.

रोज सकाळी मामा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून स्वयंपाकघर उघडत. भात, वरण, एक भाजी, खीर. दुपार झाली की पहिलं पान देवाचं. पाटासमोर पाण्याचा चौकोन काढायचा, त्यावर पान ठेवायचं, पदार्थांवर तुळशीचं पान ठेवायचं, आणि पडदा ओढून घ्यायचा. आत गुरुजी पानाभोवती पाणी फिरवून मंत्र म्हणायचे, घंटा वाजवायचे. बाहेर मामा डोळे मिटून उभे. मग पडदा सरकायचा, पानातलं सगळं पुन्हा मोठ्या पातेल्यांत मिसळायचं, आणि इतका वेळ जो नुसता स्वयंपाक होता त्याचा प्रसाद व्हायचा. मग जिना चढून जो कोणी आला असेल तो पंगतीला.

मामांच्या दृष्टीने यात एकच अडचण होती, आणि ती फार मोठी होती. देवाच्या आधी चव घ्यायची नाही.

आता कॅन्टीनमध्ये मामांचं निम्मं जेवण चव बघण्यातच व्हायचं. पळीतून तळहातावर, तळहातावरून जिभेवर, की डोळे बारीक करून, "हं, अजून चिमूटभर." इथे आल्यावर पहिल्याच दिवशी सवयीने त्यांचा तळहात पुढे झाला होता. गुरुजींनी दारातून नुसतं "मामा!" म्हटलं आणि पळीतलं वरण थेट ओट्यावर सांडलं. त्या दिवसापासून मामांनी जिभेला रजा दिली आणि सगळा कारभार मुठीवर सोपवला. उजव्या हाताची मूठ मिठाच्या बरणीत जायची. वरणाला एवढी, भाजीला तेवढी. भोपळा असला की तो पाणी सोडतो म्हणून थोडी जास्त. तांदूळ नवा असला की त्याचा हिशेब वेगळा. मूठ बरणीतून वर आली की ती बरोबर असायची. कॅन्टीनमध्ये चाखून चाखून कधीमधी खारट व्हायचं, इथे न चाखता कधी झालं नाही. मामांचा सगळा अभिमान या एका गोष्टीत साठवलेला होता. कुणी नवा माणूस पंगतीला आला की ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "मीठ कसं आहे?" आणि तो "अगदी बेताचं," म्हणाला की दाराआड जाऊन एकटेच हसायचे.

अर्थात, तो दुसरं काही म्हणणारच नव्हता. कारण दुसरा एक नियम होता. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. आधी चाखायचं नाही आणि नंतर बोलायचं नाही, या दोन नियमांच्या मधल्या जागेत एखादा आचारी किती सुखात नांदू शकतो, याची हॉटेलवाल्यांना कल्पना यायची नाही.

पण गेल्या थंडीपासून मामांच्या सुखात एक खडा आला होता. उजव्या हाताची बोटं दुमडेनाशी झाली होती. सकाळी उठल्यावर तर ती लाकडासारखी असायची. गरम पाण्यात धरली की जरा ऐकायची, पण पूर्ण मिटायची नाहीत. मामांनी हे कुणालाही सांगितलं नाही. घरी बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा ते बरणीवरच खेकसले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले आणि वर म्हणाले, "थंडीत असाच प्यावा, हात शेकतात." थंडी संपून पंखे लागले तरी हात शेकणं चालूच होतं.

त्यांची भीती साधी होती. बोटांचं कळलं, की लोक काळजी करणार. काळजी केली, की "आता आराम करा," म्हणणार. आराम करा म्हणजे किल्ली द्या. मग हॉलच्या कोपऱ्यात एक खुर्ची मिळणार, जिथे म्हातारी मंडळी बसून देवासाठी वाती वळतात. आणि वाती वळायलाही बोटंच लागतात! म्हणजे तिथेही मामा नापास.

या सगळ्या काळजीत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. जी मूठ मिटत नाही, तिच्यात मीठही राहत नाही. मामा आपले पूर्वीसारखीच मूठ भरायचे, ती बोटांच्या फटींतून निम्मीशिम्मी पुन्हा बरणीत गळायची, आणि उरलेली वरणात जायची.

आता तुम्ही म्हणाल, देवाचं झाल्यावर मामा स्वतः प्रसाद खात असतीलच की, मग कळलं कसं नाही? इथे मामी येते. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी मामांचा रक्तदाब मोजला आणि "मीठ कमी करा," असं मामांना सांगण्याऐवजी मामीला सांगितलं. डॉक्टर हुशार होते. त्या दिवसापासून घरच्या स्वयंपाकात मीठ पाहुण्यासारखं, कधीतरी येऊन जायचं. पहिल्या घासाला मामा म्हणाले होते, "हे काय, दवाखान्यातून डबा आणलास?" मामी म्हणाली, "दवाखान्यात जायला नको म्हणून केलंय. जेवा." पंधरवडाभर त्यांचं तोंड वाकडं होतं, मग जीभ मुकाट्याने वळणावर आली. इतकी, की देवळातला प्रसाद त्यांना नेहमी बरोबर वाटायचा. उलट एकदोनदा तर त्यांना वाटून गेलं, आज मीठ जरा पुढेच गेलं.

असं सगळं बिनबोभाट चाललेलं असताना एका दुपारी मामांची चप्पल हरवली.

हरवली म्हणजे कुणाच्या तरी पायाने मांडणीच्या मागे सरकली. मामा गुडघे टेकून, भिंतीशी गाल लावून हात आत घालत होते, तर बोटांना चपलेऐवजी पत्र्याचं काहीतरी लागलं. ओढून काढलं तर चहापत्तीचा जुना डबा. हा कुणी इथे ठेवला? उंदरांचं औषध असावं म्हणून त्यांनी जपून झाकण काढलं. आत पांढरं बारीक काहीतरी. मामांनी आधी वास घेतला. काही नाही. मग आयुष्यभराची सवय, बोट बुडवून जिभेला लावलं.

मीठ.

देवळाच्या चपलांमागे मीठ! मामांना काही उलगडा होईना. त्यांनी डबा होता तिथे ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि घरी जाऊन दुपारभर आढ्याकडे बघत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली, तेव्हा मामांनी वाढणं आटोपून स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि फटीला डोळा लावला.

पहिला उठला शिंपी. खालच्या दुकानातला. रोज गळ्यात टेप तशीच ठेवून जेवायला येणारा, बोलायला लागला की सुई थांबायची पण तोंड नाही, असा माणूस. हातात पान धरूनच उठला. "माझी चप्पल नीट ठेवली का बघून येतो," असं कुणालाही न सांगण्याइतक्या हळू आवाजात म्हणाला, मांडणीपाशी गेला, वाकला, आणि परत आला तेव्हा पानातलं वरण बोटाने ढवळत होता.

मग उठल्या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण पंगतीतल्या लोकांना अजून रांगेत बसवणाऱ्या. त्याही वाकून आल्या. त्यांनी तर दोन चिमटी आणल्या, एक स्वतःसाठी आणि एक शेजारणीसाठी, कागदाच्या तुकड्यावर.

मग आणखी दोघे. मग एक म्हातारे, ज्यांना वाकता येत नव्हतं, त्यांच्यासाठी शिंपी पुन्हा गेला. सगळं इतकं शिस्तीत, इतकं सरावाचं, की पहिल्यांदा बघणाऱ्याला हाही पूजेचाच एखादा भाग वाटावा. चेहऱ्यावर कुणाच्या काही नाही. सगळ्यांनी कशी मिठाची गुळणी धरलेली.

मामा दाराआड उभे होते. त्यांचे कान गरम झाले होते. पण खरा घाव पुढेच होता. पंगत उठत आली, हॉल रिकामा झाला, तेव्हा गुरुजी पडद्याआडून आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. उपरणं सावरलं. आणि मांडणीपाशी जाऊन वाकले. एक चिमूट थेट तोंडात टाकली, दुसरी घेतली.

"गुरुजी!" मामा दार ढकलून बाहेर आले.

पहिल्या दिवशी गुरुजींनी त्यांना "मामा!" म्हटलं होतं आणि वरण सांडलं होतं. आज गुरुजींच्या हातून मीठ सांडलं.

"नाही, म्हणजे मी आपलं..." गुरुजी म्हणाले.

"केव्हापासून चाललंय हे?"

"काय केव्हापासून?"

"गुरुजी, तुमच्या मिशीला मीठ आहे."

गुरुजींनी मिशी पुसली. खाली बसले. एवढे विद्वान गृहस्थ, पण चपलांच्या मांडणीपाशी बसल्यावर शाळेतल्या मुलासारखे दिसायला लागले. "झाले काही महिने," ते म्हणाले. "आधी वाटलं, एखाद्या दिवशी चुकलं असेल. मग रोजच अळणी यायला लागलं. पण प्रसाद म्हटल्यावर बोलणार कसं? आणि तुम्हाला तर कोण बोलणार?"

"म्हणजे मीठ नसायचं?"

"असायचं. पण शोधावं लागायचं."

मामांनी डबा हातात घेतला. काल गोंधळात त्यांनी तो नीट बघितला नव्हता. आज बघितला. झाकणाला कडेला पोचा होता. तो पोचा त्यांच्या ओळखीचा होता, कारण सांडशीने झाकण उचकटताना तो त्यांनीच पाडला होता. त्यांच्या घरचा डबा. मामीने भंगारात दिला म्हणून सांगितलेला.

"म्हणजे तीसुद्धा?" मामा म्हणाले.

गुरुजींनी देवाकडे बघितलं. देव मदत करीना, तेव्हा ते म्हणाले, "मांडणीमागची जागा त्यांनीच सुचवली."

मामांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांना जे आठवलं, ते इतर कुणालाही आठवलं नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांनी आपापलं मीठ घेतलंत," ते म्हणाले. "त्याचं काय?"

"कुणाचं?"

मामांनी पडद्याकडे बोट केलं. बोट सरळच होतं, वाकत नव्हतं ना. "इतके महिने त्याला अळणी वाढलं मी. पहिलं पान त्याचं. शिंपी उठून मांडणीपाशी जातो. तो कुठे जाणार?"

गुरुजींनी तोंड उघडलं. असल्या वेळी म्हणायची दोनचार वाक्यं त्यांच्याकडे तयार होती, देव काय बघतो आणि काय बघत नाही वगैरे. मामांनी हात वर केला. "ते प्रवचनातलं नको गुरुजी. तुम्ही स्वतः चिमूट घेत होतात."

गुरुजींनी पुन्हा एकदा मिशी पुसली.

"उद्यापासून देवाच्या पानात मीठ वाढतो मी. डावीकडे, लिंबाशेजारी. लागेल तेवढं घेईल."

"मामा, देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत."

"का?"

"का म्हणजे... नाही वाढत. माणसाच्या पानात वाढतात. नैवेद्याच्या पानात नाही. पहिल्यापासून तसंच आहे."

"म्हणजे सबंध देवळात एकट्या त्याच्यापाशीच काही उपाय नाही," मामा म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ सोडायला बोटांनी बराच वेळ घेतला, आणि त्या वेळात गुरुजींना बोटांचंही कळलं. किल्ली त्यांनी गुरुजींच्या मांडीवर ठेवली आणि जिना उतरून गेले. डबा मात्र काखेत होता.

घरी मामी गहू निवडत होती. मामांनी डबा तिच्या ताटाशेजारी ठेवला.

मामीने डब्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि गहू निवडत राहिली. "सापडला होय," ती म्हणाली.

"भंगारात दिला होतास ना?"

"द्यायचाच होता."

"अगं, मला सांगायचं! नवरा म्हणून नाही तर निदान आचारी म्हणून तरी सांगायचं!"

"काय सांगू? तुमची मूठ गळते म्हणून सांगू?" मामी म्हणाली. "सकाळी बादलीत हात बुडवून बसता, दार लोटून. मला काय वाटतं, तुम्ही जप करताय? कप दोन हातांनी धरता. शर्टाची बटणं मी लावून ठेवते आणि तुम्ही डोक्यातून घालता, आणि वर म्हणता, हीच पद्धत बरी आहे. सगळं दिसतं मला. तुम्ही लपवत होतात, म्हणून मी लपवलं."

"मी लपवलं ते वेगळं."

"हो का? मग मी लपवलं ते पण वेगळं."

मामा पाटावर बसले. "किल्ली देऊन आलो," ते म्हणाले.

मामीचा हात ताटातच थांबला. या घरात डॉक्टर येऊन गेला, कारखाना सुटला, पोरगी लग्न करून लांब गेली, तेव्हाही गहू निवडणं असं थांबलं नव्हतं. "कुणाला विचारून?" ती म्हणाली.

"देवाला अळणी वाढणाऱ्या माणसानं तिथे उभं राहू नये."

"बरं. मग उद्यापासून दिवसभर घरी असणार तुम्ही?"

"असणार."

मामीने दोन क्षण विचार केला. मग ताट बाजूला सारलं आणि पदर खोचला. "उठा," ती म्हणाली. "असलं काही चालायचं नाही. तुमच्या मुठीत मावत नाही ना? माझ्या मुठीत मावतं. किती घालायचं ते तुम्ही सांगायचं, घालायचं मी. फक्त माझी मूठ लहान आहे. किती लहान, ते बघायला पाहिजे. ते देवळात चाखून बघता येणार नाही. इथे येईल."

"आणि चाखणार कोण? माझी जीभ तर तू बिघडवलीस."

"मी बोलावते कोण ते."

रविवारी सकाळी मामांच्या दोन खोल्यांच्या घरात शेगडीवर देवळातली पातेली होती. ती गुरुजींनीच किल्ली लावून, स्वतः उचलून आणून दिली होती. मामा शेगडीशी उभे. मामी बरणीशी. मामा म्हणायचे, "घाल एक." मामी मूठ घालायची. आणि मग वरणाची वाटी बाहेरच्या खोलीत जायची, जिथे शिंपी, गणिताच्या बाई आणि गुरुजी चटईवर ओळीने बसले होते.

वाटी समोर आली तरी तिघं बोलेनात. सवयच नव्हती.

"मामी," शिंप्याने जपून विचारलं, "हे प्रसाद नाही ना?"

"नाही. देवाला सकाळी दूधसाखर दाखवली. हे नुसतं वरण आहे."

"नक्की?"

"नक्की."

शिंप्याने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी मान हलवली, शास्त्रात आडकाठी नाही अशी. शिंप्याने घोट घेतला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की बघणाऱ्याला वाटावं याचा दुखरा दात निघाला. "कमी आहे मीठ! बरंच कमी आहे!"

"अजून अर्धी मूठ घाल," आतून मामा म्हणाले.

दुसरी वाटी आली. "आता जवळ आलं," बाई म्हणाल्या. "पण मामा, मिठाचं सोडा. फोडणी करपते तुमची."

आतला डाव थांबला. "कधी?"

"मंगळवारी करपली होती. त्याच्या आधी पण."

"आणि भोपळ्याच्या फोडी," शिंपी म्हणाला. आता त्याला कोण आवरणार. "एक एवढी, एक एवढी. एक कच्ची, तर एक विरघळलेली. मी अशी कापडं कापली तर गिऱ्हाईक एका बाहीचा शर्ट घालून फिरेल!"

"वेलदोड्याची सालं येतात खिरीत."

"खाली गाठी पण असतात."

"मला नेहमी गाठीच येतात. मी शेवटी बसते ना."

मामा डाव घेऊनच दारात आले. "हे सगळं कधीपासून?"

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. वर्गात पेपर वाटताना म्हणायच्या तशा, शांतपणे.

"गुरुजी, तुमचं काही राहिलंय?"

गुरुजी चटईच्या काड्या मोडत होते. "साखर," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "खिरीत थोडी कमी चालेल. तुम्ही सगळे कधी येता, कधी येत नाही. मला रोज खावी लागते."

मामी आत तोंडाला पदर लावून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मामांचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं होतं. "मग येता कशाला रे जिना चढून?" ते शिंप्याला म्हणाले. "घरी बायको चांगलं करते ना?"

"चांगलं करते की," शिंपी म्हणाला. "मीठही असतं." वाटीत बघत त्याने राहिलेलं वरण संपवलं. "तरी येतो ना पण."

मामांनी डावाने डोकं खाजवलं, मग हा पातेल्यातला आहे हे ध्यानात येऊन तो धुवायला आत गेले. आतूनच ओरडले, "भाजीची चव बघायची आहे अजून. कुणी उठायचं नाही. आणि ज्याला जे बोलायचं ते आज बोलून घ्या. उद्या पुन्हा प्रसाद आहे."

दुपारपर्यंत हिशेब लागला. मामांच्या पूर्वीच्या एका मुठीला मामीच्या दोन, दुसरी जरा सैल. गणिताच्या बाईंनी मापाचा चमचा ठेवायचं सुचवून बघितलं. मामा म्हणाले, "चमच्याला काय कळतं, भोपळा किती पाणी सोडणार ते?" बाईंनी तो मुद्दा मान्य केला, आणि त्यांनी काही मान्य केलं असं त्या आळीत पहिल्यांदाच घडलं.

जाताना गुरुजींनी किल्ली मामांच्या पुढे धरली. मामांनी ती घेतली, पण कमरेला लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या तोंडाशी, कुलूपवाल्याच्या टपरीपुढे, आंघोळ केलेले मामा आणि धुतलेलं लुगडं नेसलेली मामी उभी होती. "अशीच एक अजून कर," मामा म्हणाले. कुलूपवाल्याने किल्लीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि म्हणाला, "मामा, तब्येत बरी आहे ना?"

त्या दिवशी भात, वरण, भोपळ्याची भाजी, खीर. फोडी एकसारख्या होत्या, कारण त्या मामीने चिरल्या होत्या. वेलदोडा सोलून घातला होता. खिरीत साखर थोडी कमी. मिठाच्या वेळी मामी बरणीशी उभी राहिली, मामांनी पातेल्यात बघत बराच वेळ विचार केला, आणि म्हणाले, "दोन. दुसरी सैल." कुणी चाखलं नाही. पाण्याचा चौकोन काढला, पान ठेवलं, तुळस ठेवली, पडदा ओढला गेला. बाहेर मामा डोळे मिटून उभे राहिले. एरवी ते नुसते उभे असायचे. आज त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मामीलाही ऐकू आलं नाही, पण पान वाढून झाल्यावर यजमान पाहुण्याला जे म्हणतो, 'सावकाश होऊ द्या,' तसलं काहीतरी असावं. घंटा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजली. गुरुजीही काहीतरी भरपाई करत असणार.

पंगत बसली. शिंप्याने पहिला घास घेतला, सवयीने अर्धवट उठला, आणि तसाच पुन्हा खाली बसला. गणिताच्या बाईंनी शेजारणीला कोपराने डिवचलं. कुणी काही म्हणालं नाही, अर्थातच. पण वरण दोनदा मागितलं गेलं आणि तिसऱ्यांदा पातेलं खरवडल्याचा आवाज आला.

सगळ्यांचं झाल्यावर मामीने मामांचं पान वाढलं. डॉक्टरांच्या धाकाने थोडंसंच, घासभर. "बसा," ती म्हणाली. हॉलमधले सगळे हात धुवायचे सोडून बघत उभे राहिले.

मामांनी वरणभाताचा घास तोंडात घातला. वर्षभर अळणी खाल्लेल्या त्या जिभेवर मीठ असं काही चढलं, की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खारट! नुसतं खारट! समुद्र प्यायल्यासारखं. त्यांनी मामीकडे बघितलं. मामी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं होतं.

"मीठ कसं आहे मामा?" शिंप्याने विचारलं.

मामांनी घास गिळला. पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि रिकामं होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

"अगदी बेताचं," ते म्हणाले.